अडीच किलोमीटरची लाल गाडी

आमचे हे रोज सकाळी साडेआठला लाल स्पोर्ट्स कारने ऑफिसला जातात, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, केळुसकरांना लॉटरी लागली. तसं काही नाही. हे, म्हणजे दिलीप केळुसकर, बंदराजवळच्या द्रोणागिरीत एका गोदामाच्या ऑफिसात हेडक्लार्क. घर ते गोदाम अडीच किलोमीटर. गाडी एकोणीसशे अडुसष्टची, इंग्लंडात बनलेली, दोनच सीटची, टप मागे सरकवता येणारी. आणि आमची नव्हेच. ती कॅप्टन निंबाळकरांची.

साहेबांच्या न्हावा शेव्याच्या ऑफिसात ह्यांनी एकवीस वर्षं काढली. सहा वर्षांपूर्वी धंदा बंद करून साहेब पुण्याला मुलीकडे गेले. तिथे गाडीला जागा नव्हती. किल्ली ह्यांच्याकडे देऊन म्हणाले, "केळुसकर, बंद ठेवू नका, चालती राहिली पाहिजे." निदान मला ह्यांनी तेवढंच सांगितलं. साहेब बोलले म्हणजे ह्यांच्यासाठी तो सरकारी जीआर. त्या दिवसापासून एक खाडा नाही. रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरची रांग, त्यांच्या चाकाएवढ्या उंचीची ही गाडी, आणि जीव मुठीत धरून मधून जाणारे आमचे हे. काटा कधी तिसाच्या वर नाही. सहा वर्षांत एक ओरखडा नाही. माणूस इतका जपून वागावा की बघणाऱ्याला चीड यावी.

गेल्या शनिवारी साहेबांच्या मुलीचा, राजनंदिनीचा फोन आला. रविवारी बाबांचा ब्याऐंशीवा वाढदिवस, मी येते आणि गाडी स्वतः चालवत घाटातून पुण्याला नेते, बाबांना सांगू नका. ह्यांनी लगेच हरेशला बोलावलं. हरेश इथल्याच गावचा, नाक्यावरचा मेकॅनिक. त्याने इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं आणि ह्यांच्यासमोर धरलं. आतून पिवळट पांढरा, लोण्यासारखा थर.

"काका, तेलान पानी झालंय. रोज चालू करता, पन गरम व्हायच्या आधीच बंद. आतलं पानी उडनार कवा? तेल तरी कवा बदललंत?"

"किलोमीटर कुठे झालेत अजून? तीन वर्षांपूर्वी बदललं."

"मंग तेलाच्या नल्या चोंदल्या असतील. इंजिन खोलायला लागंल, महिना जाईल. गारी घाटान नेऊ नका. मदीच जाम झाली तं मागं ट्रक हायेत."

हे मट्कन पायरीवर बसले. दर रविवारी सकाळी ह्यांचा साहेबांना फोन जायचा, "साहेब, गाडी ठणठणीत." सहा वर्षं. आता कोणत्या तोंडाने सांगायचं? संध्याकाळपर्यंत कितीदा तरी फोन हातात घेतला आणि ठेवला. जेवले नाहीत. शेवटी मीच म्हणाले, "झाकण पुसून टाका. ती काय इंजिन खोलून बघणार आहे?"

हो, मीच म्हणाले. सत्तावीस वर्षांचा विश्वास एका झाकणापायी मातीत जावा, हे मला बघवेना. घाटाचा विचार मनात आला होता, तो मी बाजूला सारला. त्याची अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी ह्यांनी जुन्या बनियनने झाकण पुसलं. तीनदा पुसलं.

नऊला राजनंदिनी आली. आल्या आल्या तिने बोनेट उघडलं, थेट तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि उजेडात धरलं.

"वा काका! केवढं स्वच्छ! बाबा म्हणतातच, केळुसकर म्हणजे केळुसकर."

ह्यांनी मान खाली घातली. ती आत बसली, किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. "येते हं काकू," म्हणाली. ह्यांचा हात दारावर होता, तो ह्यांना काढवेना. मी मागून शर्ट ओढला. ह्यांनी माझा हात झटकला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

"गाडी बंद कर, बाळा. झाकण मी पुसलंय."

मग ह्यांनी सगळं सांगितलं. हरेश काय म्हणाला ते, तेल कधी बदललं ते, घाटाचं. माझं नाव तेवढं घेतलं नाही. राजनंदिनी गाडी बंद करून खाली उतरली. तिने वडिलांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमनही आमच्याकडे बघत उभा राहिला.

"केळुसकर," साहेब म्हणाले, "महिन्यातून एकदा हिला लांब न्या म्हणालो होतो. अलिबाग, कर्जत, कुठेही. वहिनींना घेऊन जा म्हणालो होतो. आठवतं?"

"हो, साहेब."

"मग?"

"ऑफिसला नेणं म्हणजे गाडीची राखण, साहेब. फिरायला नेणं... दुसऱ्याच्या गाडीत मौज कशी करायची?"

हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"वहिनी आहेत का तिथे?" साहेबांनी विचारलं. "वहिनी, सहा वर्षांत कितीदा बसलात हिच्यात?"

ह्यांना सावरून घ्यायचं तर "बसले की दोनतीनदा" म्हणता आलं असतं. कालच मी त्याहून मोठं खोटं सुचवलं होतं.

"एकदाही नाही, साहेब," मी म्हणाले.

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग गाडीतल्या बाजूच्या रिकाम्या सीटकडे. हरेशने झाकण समोर धरलं, तेव्हाही ह्यांचा चेहरा इतका पडला नव्हता.