दाखवायचं घर

संगिता आधी हो म्हणते आणि विचार नंतर करते. शाळेत बाईंनी विचारलं होतं, नाचात कोण कोण, तर पहिला हात हिचा, आणि नाच हिला ओ की ठो येत नव्हता. लग्नाला पण अशीच हो म्हणाली. रविंद्र चांगला निघाला म्हणून निभावलं, नाहीतर कठीण होतं.

झरी गावाच्या पुढच्या पाड्यावर राहते ती. रोज सकाळी चालत निलम मॅडमच्या चिकूवाडीवर कामाला. तिथे शनिवार-रविवार मुंबईची माणसं सुट्टीला येतात. गेटवर मोठी पाटी आहे, काय काय करायला मिळेल त्याची. चिकू तोडा, बैलगाडीत बसा, चुलीवर भाकरी थापा, विहिरीवर आंघोळ करा. म्हणजे जे करायला लागू नये म्हणून पाड्यावरची माणसं देवाला हात जोडतात ते सगळं. संगिता तिथे चार वर्षं भांडी घासत होती, आणि गेस्टबरोबर हसत फिरणाऱ्या पोरींकडे मोरीतून बघत होती.

डिसेंबरात मॅडमने पाटीवर नवीन एक गोष्ट टाकायचं ठरवलं. वारली घरात एक सकाळ. गेस्टना म्हणे खरं घर बघायचंय, कुडाच्या भिंतीचं, शेणाने सारवलेलं. ज्या बाईचं तसं घर असेल तिनेच ते दाखवायचं, गेस्टशी बोलायचं, आणि भांड्यांना परत हात लावायचा नाही. मॅडमने सहज विचारलं, "तुझं घर कसलं गं, संगिता?"

"कुडाचंच आहे, मॅडम."

तोंडातून निघून पण गेलं. आता संगिताचं घर म्हणजे दोन वर्षांपूर्वी बांधलेलं, स्लॅबचं, बाहेरून गुलाबी, आत अशी चकचकीत फरशी की पाय धुतल्याशिवाय ती रविंद्रला पण आत घेत नाही. कुडाचं घर होतं सुकीचं. सुकी तिची थोरली जाव, अंगणाच्या पलीकडे एकटी राहते. नवरा वारलाय, मुलगा लाहू वापीला कंपनीत आहे. लाहू किती वेळा म्हणाला, आपण पण स्लॅब टाकू. सुकीने त्याला सांगितलं, आधी चैत्रात दुपारी काकीच्या स्लॅबखाली झोपून दाखव, मग बोलू.

संगिता त्याच संध्याकाळी सुकीकडे गेली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. दोन तासांचंच काम आहे, मी बोलेन, तू फक्त बस. सुकी हसायलाच लागली. म्हणाली, घर माझं आणि पाहुणी पण मीच, बरंय. पण नाही म्हणाली नाही. उलट शनिवारी दिवसभर वाकून तिने सगळं घर सारवलं, भिंतीला गेरू दिला, तांदळाच्या पिठाने नवीन चित्रं काढली, आणि रविवारी सकाळी पेटीतलं चांगलं लुगडं नेसून तयार बसली.

गेस्ट सहा होते. चार कॉलेजची मुलंमुली, एक टक्कलवाले काका आणि एक काकू, पांढऱ्या केसांच्या, प्रत्येक गोष्ट विचारणाऱ्या. संगिता सुरू झाली. हे माझं घर, मी लग्न होऊन इथेच आले, हे चित्र मी काढलं, हा लग्नातला चौक असा काढतात. एवढं सुंदर बोलत होती की तिला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. मुलं फोटो काढत होती. सुकी कोपऱ्यात भाकऱ्या थापत होती आणि मान खाली घालून गालात हसत होती. तोपर्यंत तिला पण मजाच वाटत होती.

मग काकूंनी चटणीला मीठ मागितलं. आणि संगिताला मीठ सापडेना. तिने मडकं उघडलं, त्यात तांदूळ. टोपली उचलली, तिच्याखालून कोंबडी निघाली. सगळे हसले, संगिता पण हसली, पण डोळ्यांनी मीठच शोधत होती. सुकीने पिठाच्या हाताने शिंक्यामागून मिठाची करवंटी काढली आणि काकूंसमोर ठेवली.

काकूंनी विचारलं, "आणि या कोण?"

जाव आहे म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग या कुठे राहतात, मग तुम्ही कुठे राहता. एवढं सगळं संगिताच्या डोक्यात एका सेकंदात फिरलं, आणि ती म्हणाली, "या माझ्याकडे कामाला असतात."

सुकीचा हात थांबला. भाकरी तव्यावर होती, ती जरा जास्तच भाजली. मग ती उठली, सगळ्यांचे चहाचे रिकामे कप गोळा केले आणि संगितासमोर उभी राहून विचारलं, "बाई, अजून पाणी आणू का तुम्हाला?"

तुम्हाला. पंधरा वर्षांत सुकीने तिला कधी संगे सोडून दुसरी हाक मारली नव्हती. संगिताने मान हलवली, हो की नाही ते तिला पण कळलं नाही. त्यानंतर सुकी स्वतःच्या घरात एकदाही खाली बसली नाही. शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभी. निघताना काकूंनी संगिताला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात चांगलंच झापलं. या वयात त्यांच्याकडून एवढं काम करून घेता, बरं दिसतं का? तुम्ही तरुण आहात, दोन भाकऱ्या स्वतः थापा. संगिता हो काकू, हो काकू म्हणत राहिली.

त्या दिवशी ती सुकीकडे गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. अंगण ओलांडायचं म्हणजे वीस पावलं. सुकी केर काढायला बाहेर आली की ही आत. मंगळवारी मॅडमने खूश होऊन मोबाईल दाखवला. काकूंनी फोटो टाकून लिहिलं होतं, संगिताचं सुंदर घर आणि तिच्या कामवाल्या मावशींच्या हातची भाकरी, विसरणार नाही. फोटोत सुकी होती, चांगल्या लुगड्यात, हातात उष्टे कप.

संगिताला रडूच आलं, तिथेच, मॅडमसमोर, आणि तिने सगळं सांगून टाकलं. मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की गेस्टना खोटं सांगितलेलं मला चालत नाही, तू परत भांड्यांना लाग. संगिता बरं म्हणाली. मग डोळे पुसून त्या काकूंचा नंबर मागितला. मॅडमने आधी काकूंना विचारलं आणि मग दिला.

संध्याकाळी ती वीस पावलं चालली. सुकी ओटीवर तांदूळ निवडत होती. संगिता खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, माझं चुकलं."

सुकी सुपातून वर बघेना. "घर तुझं म्हणालीस त्याचं मला काय नाय. तुझ्या स्लॅबला पाणी मारत होते तेव्हा तुम्ही सगळी इथंच निजत होता ना, तेव्हा कुणाचं होतं मी विचारलं काय? पण मला कामवाली कशाला केलीस, संगे? जाव म्हणाली असतीस तर घर पडलं असतं काय?"

संगिता परत म्हणाली, चुकलं. सुकी म्हणाली, "मला काय सांगतेस. मला ठाऊक आहे मी कोण ते. त्यांना सांग."

संगिताने तिथेच फोन लावला, स्पीकरवर. काकूंना आधी आठवेचना, कोण संगिता. मग तिला पहिल्यापासून सांगावं लागलं. घर माझं नव्हतं. चित्रं मी काढली नव्हती. आणि त्या माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत, ते घर त्यांचं आहे. 

मग काकू म्हणाल्या, "त्या आहेत का तिथे? त्यांच्याकडे द्या."

सुकीने फोन दोन हातांनी, तोंडासमोर आरशासारखा धरला. आधी नुसतं हो, नाय. मग काकूंनी भाकरीचं विचारलं, तर सुकी सांगायला लागली. तांदूळ कुठला, पाणी किती कढत पाहिजे, मुंबईच्या पिठाची का फाटते. मग लाहूचं सांगितलं. मग घराचं, हे कूड तिने आणि तिच्या नवऱ्याने कसे उभे केले ते. संगिता खालच्या पायरीवर बसली होती. उठून जावं की थांबावं ते तिला समजत नव्हतं. फोन तिचा होता म्हणून थांबली, असं तिने स्वतःला सांगितलं. सुकीने मधे एकदा तिच्याकडे बघितलं, बोलणं न थांबवता, आणि संगिताने मान खाली घातली.