वरून आलंय

बोलता बोलता तो उजव्या हाताचं बोट छताकडे करायचा. छताला पंखा होता आणि पंख्याला जाळी लागलेली होती. बोट तसंच वर धरून तो म्हणायचा, "माझं काय न्हाई मॅडम, वरून आलंय."

'वर' म्हणजे मुंबईतलं एक टीव्ही चॅनल. आणि चॅनल म्हणजे तिथली पंचविशीतली एक मुलगी. ती आठवड्यातून एकदा त्याला व्हिडिओ कॉल करायची. कॉलच्या आधी तो खुंटीवरचं काळं जाकीट अंगात चढवायचा. परभणीचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही गळ्यातला रुमालसुद्धा काढून ठेवतो, आणि हा जाकीट घालून, शिवाय उभा राहून बोलायचा. तिला तो छातीपर्यंतच दिसायचा, तरी हा उभा. तिचा विनोद पुरा व्हायच्या आत हसायचा.

गावात सगळे त्याला सर म्हणत. तोंडावर मीही म्हणायचे. इथं मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तुम्ही त्याला माझ्याइतकं जवळून पाहिलं असतं, तर तुमच्याही तोंडून अहो-जाहो निघालं नसतं.

स्टेशन रोडला एका फोटो स्टुडिओच्या वर त्याची खोली होती. बरीच वर्षं तो मुंबईत मालिकांच्या सेटवर होता म्हणे. काय म्हणून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कधी सांगायचा दिग्दर्शनात होतो, कधी सांगायचा लेखनात. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. एक दिवस तो आमच्या स्टाफरूममध्ये आला आणि खुर्ची ओढून बसला.

"पोरापोरीची लव्ह स्टोरी हाय मॅडम. पण पोराकडं शक्ती हाय. सुपरहिरो! मराठवाड्यातला पहिला. डायलॉग तुमी लिहायचे. आपल्या भाषेत."

त्या 'आपल्या भाषेत'नं मी अडकले. माझे विद्यार्थी बोलतात तसं टीव्हीवर कोणी बोललं, तर तो एक तर घरगडी असतो नाही तर विदूषक. आमच्याकडची पोरं त्या भाषेत प्रेमही करतात, भांडतात, रडतात, हे कोणी कधी दाखवलेलंच नाही. म्हणून मी हो म्हणाले. माणूस कसा आहे ते पहिल्याच आठवड्यात समजलं होतं, तरी गोष्टीसाठी थांबले.

गोष्ट खरंच चांगली होत चालली होती. शेतातल्या विजेच्या डीपीजवळ झटका बसून एका पोराच्या हातात करंट येतो. लाईट गेली की तो मोटारीला हात लावून पाणी चालू करतो. सगळं गाव त्याच्यामागं. पण जिच्यावर जीव आहे तिला तो हात लावू शकत नाही, कारण तिला शॉक बसेल. इथं आम्ही अडलो होतो.

वाट काढली ती नंदानं. नंदा म्हणजे महानंदा, माझी अकरावीची विद्यार्थिनी. पिंगळीहून रोज येणारी, किराणा दुकानदाराची मुलगी. वाचन स्वच्छ, आवाज खणखणीत, म्हणून नायिकेचे संवाद मी तिच्याकडून वाचून घेत होते. वाचता वाचता ती थांबली.

"मॅडम, तिच्यात अर्थिंग हाय म्हणा की. आमच्या दुकानातल्या फ्रीजला हात लावला की झटका बसायचा. आप्पांनी अर्थिंग करून घेतली, तवापासून न्हाई बसत."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तो करंट, ती अर्थिंग. त्याची सगळी वीज तिच्यात उतरून जमिनीत जाणार. यापेक्षा चांगली प्रेमकथा मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलवर तो त्या मुलीला सांगत होता, "काल रात्री पडल्या पडल्या सुचलं मला. एकदम आतून आलं." नंदा तिथंच बसली होती. तिला राग नाही आला. माझ्याकडे बघून ती हसली. सतरा वर्षांच्या मुलीला जे कळत होतं ते याला पन्नाशी जवळ आली तरी कळत नव्हतं.

मग वरून यायला लागलं. भाषा फार गावंढळ आहे, म्हणून एका प्रसंगात एकच 'लय' ठेवायचं. पोरगा शेतकऱ्याचा नको, बंगल्यातला पाहिजे. बंगल्यातला पोरगा शेतातल्या डीपीजवळ कशाला जाईल, असं मी विचारलं तर बोट छताकडे. मी लिहिलेली पानं तो वाचायचा नाही. मला वाचायला लावायचा, स्वतः फुटाणे खात मोबाईल बघायचा आणि शेवटी म्हणायचा, "मस्त. आता यात इमोशन टाका." जसं काही वरणात मीठ राहिलंय.

एका गोष्टीसाठी तरी तो भांडेल असं वाटत होतं. नाही भांडला. ज्याला कशाचंच काही वाटत नाही त्याच्याशी वाद घालणं म्हणजे ओल्या भिंतीवर खडूनं लिहिणं. उमटतच नाही.

चॅनलनं नमुन्याला एक प्रसंग चित्रित करून मागितला. पोरगा पहिल्यांदा पोरीचा हात धरतो आणि काहीच होत नाही, तो प्रसंग. नायिका नंदाच हवी होती. तिच्या आप्पांची परवानगी काढायला तो आणि मी पिंगळीला गेलो. त्यांच्या ओट्यावर बसून यानं दोनदा चहा घेतला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "आप्पा, माझी पोरगी समजून नेतोय. काय फिकीर करू नका."

चित्रीकरण ताडकळसकडे, रस्त्यालगतच्या एका शेतात झालं. विद्यापीठाच्या क्वार्टरमधला एक उंच, लाजाळू पोरगा नायक होता. त्याच्या कपाळावर इतका घाम की पावडर टिकेना. दोघं इतकी अवघडलेली, की हातात हात घेताना जणू गरम तवा उचलायलेत. हा कॅमेऱ्यामागून ओरडत होता. बांधावर बघ्यांची गर्दी, बाजाराला निघालेली माणसं मोटारसायकली लावून उभी. पण शेवटी एकदा जमलं. नंदानं त्याचा हात धरला, डोळे मिटले, मग एक उघडून हळूच बघितलं की आपण जिवंत आहोत का. तो एक उघडलेला डोळा मी लिहिला नव्हता, तो तिचा होता.

बघ्यांपैकी कोणीतरी मोबाईलवर तेवढंच टिपलं. कॅमेरा नाही, आम्ही नाही. शेत, पोरगा, पोरगी आणि हातात हात. दोन दिवसांत ते पिंगळीतल्या मोबाईलवरून फिरायला लागलं. खाली लिहिलेलं, किराणावाल्याच्या पोरीचे प्रताप.

आप्पा नंदाला घेऊन थेट त्याच्या खोलीवर आले. सोबत तिचे चुलते. मी तिथंच होते. आप्पांनी आवाज चढवला नाही. मोबाईल टेबलावर ठेवला.

"सर, तुमी आमच्या ओट्यावर बसून काय म्हणला होतात? आन् हे काय हाय?"

त्यानं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, आप्पा, ही गोष्ट आहे, मी सांगितलं आणि तिनं केलं, चूक असेल तर माझी. दोन वाक्यांचं काम होतं.

तो म्हणाला, "हे माझ्या स्क्रिप्टमध्ये न्हाई आप्पा. शूटिंग संपल्यावर पोरांनी आपल्या मनानं केलं असंल. मी एकटा कुठं कुठं बघू?"

चुलत्यांनी नंदाकडे असं बघितलं, की मी मध्ये पडले. मी म्हणाले, "खोटं आहे हे. तो प्रसंग मी लिहिलाय. मी समोर उभी होते." चुलते म्हणाले, "मॅडम, तुमी तर एकाच कामातल्या. तुमी तसंच म्हणणार."

तेव्हा नंदा दाराजवळून पुढं आली. तिनं टेबलावरचा मोबाईल उचलला, आवाज पूर्ण वाढवला आणि ते पुन्हा लावलं. वाऱ्याची घरघर, मोटारसायकलचा हॉर्न, आणि त्यातून त्याचा आवाज. "नंदा, घट्ट धर! लाजू नको! अजून एकदा, घट्ट!"

तिनं मोबाईल आप्पांच्या हातात दिला. "सर, हे तुमीच हाव ना?" तिनं विचारलं. एवढंच.

त्याचं बोट उठलं. सवयीनं छताकडे निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. "ते... वरून..." म्हणून तो खुर्चीत बसला. त्या दिवशी मला त्याची किळस आली. भित्रे लोक मी पुष्कळ पाहिलेत. मीही काही वाघीण नाही. पण स्वतःची खुर्ची वाचवायला दुसऱ्याच्या लेकीला पुढं ढकलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आप्पा उठले. त्यांना सगळं समजलं होतं. मी म्हणाले, "आता तर ऐकलंत ना?"

"मी ऐकलं मॅडम. पण गावात कोण आवाज वाढवून बघतंय?"

नंदाचं कॉलेज बंद झालं.

पुढच्या रविवारी मी एकटीच पिंगळीला गेले. आप्पा साखर तोलत होते. बस म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळानं गिऱ्हाईक कमी झाल्यावर म्हणाले, "ते काय नाटक होतं, मला पहिल्यापासून सांगा बरं. त्या माणसानं नुस्तं सुपरहिरो, सुपरहिरो केलं. गोष्ट काय ती सांगितलीच न्हाई."

मी सांगितली. मध्येच कोणी तेल मागायला येई, कोणी विडीबंडल. मी थांबे, ते देत, मी पुन्हा सुरू करी. डीपीजवळचा झटका, चालू झालेल्या मोटारी, पोरीपासून दूर दूर पळणारा पोरगा. एक म्हातारी हळद घेऊन निघालेली, ती पोत्यावर टेकली. पोरीच्या अंगात अर्थिंग आहे, असं मी म्हणाले तसे आप्पा थांबले.

"हे तर आमच्या फ्रीजचं हाय."

"हो. नंदाचीच कल्पना."

त्यांनी मागं वळून फ्रीजकडे बघितलं. मग ओठ दाबून हसले. पडद्याआड नंदा आणि तिची आई उभ्या आहेत हे मला पायांवरून दिसत होतं. म्हातारी म्हणाली, "मग धरला का गं बाई त्यानं हात? का पळूनच गेला?"

"धरला मावशी," आप्पाच म्हणाले. "तिनं धरला. त्याच्यात काय दम हाय?"

सोमवारी ते नंदाला मोटारसायकलवर घेऊन स्वतः कॉलेजला आले. गेटजवळ बराच वेळ उभे राहिले, चार लोकांना दिसावं म्हणून. नंतरही लोक बोललेच. पण बापच रोज दारात सोडायला येतोय म्हटल्यावर बोलणाऱ्यांना मजा राहिली नाही. नंदा आता नांदेडला नर्सिंग शिकते.

आणि मालिका? मी त्याच्याकडे पुन्हा गेले नाही, तरी कानावर येत राहिलं. वरून येणं चालूच होतं. शक्ती दाखवायला खर्च फार, म्हणून शक्ती काढली. घरातली माणसं एकत्र बघतात, म्हणून प्रेम काढलं. शाळकरी पोरं नकोत, म्हणून त्यांना नोकरीला लावलं. हा प्रत्येक वेळी जाकीट घालून हो म्हणाला. सुपरहिरो नाही, प्रेम नाही, पोरं नाहीत; उरलं काय ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग ती मुलगी नोकरी सोडून गेली, आणि तिच्या जागी आलेल्यानं याचा फोन उचललाच नाही.

त्याची बायको अंगणवाडीत आहे. एकदा बाजारात भेटली. मी टाळत होते, तिनंच गाठलं. "मॅडम, तुमी रागावल्या असाल. पण मुंबईत ते लोकांच्या शिव्या खायलाच होते हो. चूक कुणाची बी असो, ओरडायचं यांच्यावर. तेवढ्यासाठीच ठेवलं होतं." तिनं हे लाज न बाळगता, एखाद्याचं दुखणं सांगावं तसं सांगितलं. मी ऐकून घेतलं. अशा वेळी कीव येते म्हणतात. मला आली नाही. ज्यानं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका अंगावर घेतल्या, त्याला एकदा, फक्त एकदा स्वतःची घेता येऊ नये?

गेल्या उन्हाळ्यात दुपारची मी परभणी स्टेशनावर बहिणीला आणायला गेले होते. तिची गाडी उशिरा होती. पलीकडे मुंबईची गाडी लागायची होती, आणि त्या गर्दीत तो उभा होता. एक बॅग, हातात पाण्याची बाटली. त्यानं मला पाहिलं आणि चटकन वडेवाल्याच्या गाड्यामागं झाला. चांगला धिप्पाड माणूस, अर्धा बाहेरच राहिला. मीही मोबाईलमध्ये बघितल्यासारखं केलं. असल्या माणसाशी बोलायचं काय?

गाडी आली. लोक आत घुसले, तोही त्यांच्यात ढकलला गेला. गाडी हलली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी एकेक खिडकी बघत होते. त्याला बसायला जागा मिळाली का, ते शोधत होते. नव्हती मिळाली. दाराशी, संडासाजवळ, बॅग मांडीवर घेऊन तो खाली बसला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देण्यासाठी पाय आणखी आणखी जवळ ओढून घेत होता.