भरून ठेवलेला ड्रम

आमच्या मुकुंदवाडीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही त्याला लहर आली तर. त्या दिवशी गल्लीत लग्न असलं, तरी नवरदेव आधी मोटार लावून मगच घोड्यावर बसेल. त्यातही माझ्या समोरच्या घरातला कडूबा म्हणजे कहर. अर्धा ड्रम दिसला की याला करमत नाही. खालचं पाणी किती का जुनं असेना, वरून नवं ओतायचं, ड्रम काठोकाठ करायचा आणि तोंडाला फडकं बांधून टाकायचं. मी शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस. किती वेळा सांगितलं, की बाबा, जुनं फेक, ड्रम धू आणि मग भर. त्याचं उत्तर ठरलेलं, "सर, भरलेला ड्रम दिसला की झोप लागती."

कडूबा चिकलठाण्याला शिवराज साहेबांच्या कारखान्यात फिटर होता. या शिवराजना पन्नाशीत उडायचं वेड लागलं. पाचोडच्या रस्त्याला त्यांची वडिलोपार्जित पडीक जमीन होती. ती सपाट करून घेतली, पत्र्याची शेड बांधली आणि रीतसर परवानग्या काढून दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान आणलं. त्याची देखभाल कडूबाकडे आली. तेव्हापासून आमच्या गल्लीत ते 'कडूबाचं विमान' झालं. पोरंसोरं विचारत, "मामा, किती ॲव्हरेज देतं?" तोही तोंड वाकडं न करता सांगे, "वाऱ्यावर हाय बाबा."

त्या विमानाला साधं पेट्रोल चालतं, पण एक अट आहे. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, म्हणजे उसाच्या मळीतून निघालेलं अल्कोहोल. नव्या गाड्या ते पचवतात. या विमानाच्या टाकीला आणि रबरी नळ्यांना ते सोसत नाही. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आम्हाला प्यायला मिळत नाही आणि या पेट्रोलला हवेतून मिळतं, असं मी चिडून म्हणायचो. शहरातल्या एका पंपावर इथेनॉल नसलेलं महागाचं पेट्रोल येई. कडूबा ते आणून, काचेच्या नळीत पाण्याबरोबर हलवून बघे. पाण्याची रेघ होती तिथंच राहिली तर पेट्रोल चोख, वर सरकली तर त्यात इथेनॉल आहे, असा तो हिशेब. मगच ते शेडमधल्या ड्रममध्ये जाई. साहेबांची सक्त ताकीद होती, "ड्रम अर्धा ठेवू नकोस. रिकाम्या जागेत दमट हवा शिरते. भरलेला ठेव आणि झाकण घट्ट लाव." कडूबाला एवढी मनाजोगती ताकीद आयुष्यात कोणी दिली नव्हती.

आता सारजाबाईचं सांगतो. कडूबाची ही थोरली बहीण. आई त्याच्या जन्मानंतर लगेच गेली, तेव्हा त्याला वाढवलं ते हिनं. पैठणचं धरण भरायला लागलं आणि त्यांचं गाव पाण्यात जायची वेळ आली, त्या दिवशी तीच त्याला कडेवर घेऊन निघाली. कडूबाला त्या गावातलं काही म्हणजे काही आठवत नाही. त्याचं गाव आक्काच्या तोंडात. पुढे तिला पाचोडला दिली, म्हातारी झाली, पण गाव काही डोक्यातून जाईना. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुन्या गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, उघडी पडते, घरांचे पाये वर येतात. काठावरून मात्र नुसता गाळ दिसतो. म्हणून विमान आल्यापासून तिचा एकच धोशा होता.

"कडू, मला एकदा वरून बघू दे. मंग तुला दावते आपलं घर कुठं व्हतं ते."

"आत्ताच सांग की, आक्का."

"खाली बसून काय सांगू? वर गेल्यावर बोट करून दावीन."

तिच्या डोळ्यांवर सारा येत चालला होता, दिसणं दिवसेंदिवस कमी होत होतं. साहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "या मे महिन्यात आक्कांना नेऊच." कडूबा त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटत फिरला. तो आणि आक्का एकदम बसू शकत नव्हते, जागा दोनच. त्यावरही तोडगा निघाला. साहेब आधी आक्कांना नेणार, घराची खूण नीट बघून घेणार आणि लगेच दुसऱ्या फेरीत ती खूण कडूबाला दाखवणार.

त्या वर्षी मे महिना अवकाळी पावसानं ओला गेला. ठरलेल्या रविवारच्या आधी दोनेक आठवडे त्या पंपावर चोख पेट्रोल आलंच नाही. ड्रम अर्धा. खरं तर त्या अर्ध्या ड्रममध्ये आक्काच्या फेरीला पुरून उरेल एवढं पेट्रोल होतं. पण अर्धा ड्रम! कडूबाला झोप लागेना. शेवटी रस्त्यावरच्या साध्या पंपावरून आणलं आणि त्यानं ड्रम काठोकाठ केला. काचेच्या नळीची आठवणही झाली नाही, कारण त्याच्या लेखी ड्रमची परीक्षा आधीच झालेली होती. पुढे झाकणाचं रबर फुगलं, झाकण नीट बसेना. तेव्हा घरी करतो तेच त्यानं केलं. तोंडाला फडकं बांधलं आणि झाकण वर ठेवून दिलं.

त्या रविवारी मीही गेलो होतो. सारजाबाई नवं लुगडं नेसून, पदर खोचून शेडच्या सावलीत खुर्चीवर बसली होती. पिशवीत नारळ. गावावरून जाताना टाकायचा म्हणत होती, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "आक्का, खाली कोणाच्या डोक्यात पडला म्हणजे?" कडूबानं ड्रममध्ये तळापर्यंत नळी सोडून टाकी भरली. टाकीच्या खालच्या तोटीतून बाटलीत थोडं काढून उजेडात धरलं. तळाला पाणी असलं तर बाटलीत रेघ दिसते. रेघ नव्हती. सगळं एकसारखं स्वच्छ होतं. ती बाटली सबंध खालच्या थराचीच होती, हवेतलं पाणी पिऊन जड झालेल्या आणि तळाला बसलेल्या अल्कोहोलची, हे पुढे साहेबांकडून कळलं. रेघ दिसणार कुठून?

नियमाप्रमाणे साहेब आधी एकटेच चाचणीला गेले. नळ्यांतलं जुनं पेट्रोल होतं तोवर इंजिन छान चाललं. विमान झाडांच्या वर गेलं आणि आवाज तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला, मग काहीच नाही. समोरच्या नांगरलेल्या रानात त्यांनी ते कसंबसं उतरवलं. चाकं मोडली, पंखा फुटला. साहेब गुडघा धरत बाहेर आले.

कडूबा ढेकळांतून धावत पोचला. साहेबांनी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "साहेब, ड्रम अर्धा व्हता. म्या भरून ठिवला."

साहेब समजले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. ते फक्त म्हणाले, "अर्धाच राहू द्यायचा होता रे."

सारजाबाई तोवर काठी टेकत आली होती. भावाचं तोंड बघून म्हणाली, "माणूस वाचलं, लई झालं. गाव कुठं पळून चाललंय व्हय? धरणातच हाय." आणि नारळ तिथंच फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं.

मला कडूबाचा राग येतो तो यापुढचा. पेट्रोलची चूक मी समजू शकतो, या शहरात राहणारा कोणीही समजेल. पण त्या दिवसापासून हा पाचोडला जाईना. आधी दर बाजाराच्या दिवशी आक्काकडे जेवायला असायचा. आता ती येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडी, "कडूला म्हणावं, येऊन जा." हा म्हणे, "विमान नीट होऊ द्या, मंग तोंड दाखवतो." मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, तिला विमान नको आहे, तू हवा आहेस. जाऊन बस, गावाचं विचार, ती खाली बसूनसुद्धा सांगेल. तो मान खाली घालून ऐकून घेई आणि उठून ड्रम बघायला जाई. विमानाचे भाग परदेशातून यायचे होते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. भाऊबीजेला आक्कानं ताट तयार ठेवलं होतं, तरी हा गेला नाही. थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि तो पोचला तो मातीलाच.

या मे महिन्यात विमान तयार झालं. साहेबांनी स्वतः चोख पेट्रोल आणलं आणि दोन फेऱ्या मारून खात्री केली. मग म्हणाले, "कडूबा, बस. आक्कांचं गाव बघून येऊ." हा नको नको म्हणत होता, त्यांनी हाताला धरून बसवला.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. गल्लीत पाणी आल्याची ओरड झाली, तरी उठला नाही.

"सर, लई उतरलंय पाणी. पांढरी दिसली. पाये दिसले, चांगले शंभरेक असतील. समदे सारखेच."

"मग?"

"साहेबानं कानातल्या यंत्रात इचारलं, तुझं घर कुठलं? काय सांगू? मला म्हाईतच नाय. आक्का दावणार व्हती." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "साहेबानं एवढं हौसेनं नेलेलं. म्हणून बोट केलं, सर. कुठंतरी केलं. साहेबानं त्या जागेवर इमान गोल फिरवलं. म्या हात जोडले. कुणाचं घर व्हतं, कुणाला ठावं."