कॉफीला न लागणारं विशेषण

प्रिय नॉर्वल स्टेन्सरूड,

हे तुझ्याविषयी आहे आणि तुलाच उद्देशून आहे, म्हणजे नंतर अंगणापलीकडून ‘लुईस, तुला नेमकं काय म्हणायचं होतं?’ असं विचारायची गरज पडू नये. जे म्हणायचं आहे तेच लिहिलंय. ही माझी जुनी खोड. लग्न होऊन मी मिनेसोटात आले, इथल्या शाळेत अर्धं आयुष्य इंग्रजी शिकवलं, तरी याच खोडीमुळे गाव मला अजून ‘पूर्वेकडची’ म्हणतं. या शब्दाचा अर्थ ‘उद्धट’ असा आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. इथे कुणी काही सांगत नाहीच.

ज्यांना तू माहीत नाहीस त्यांच्यासाठी थोडं. तू काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढणारा. ट्रकला पुढे पातं लावून पहाटे तू निघालास की गाव निश्चिंत झोपायचं. रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं हे पांढऱ्या अंधारात तुला दिसायचं. माणसं मात्र भर दुपारीही दिसायची नाहीत. ते काम तुझ्या बायकोकडे, मार्लिसकडे होतं. कुणाकडून परतताना गाडीत ती तुला सांगायची, की अमका नको म्हणाला म्हणजे त्याला हवं होतं, तमकीने ‘वेगळीच चव आहे’ म्हटलं म्हणजे तिने ते कुत्र्याला घातलं. मार्लिस गेली आणि तुझ्याजवळ नुसते शब्द उरले.

अशात आपल्या पास्टर डीनने चर्चच्या तळघरात दोन दिवसांचा वर्ग ठेवला, बायबल कसं वाचावं याचा. पहिल्या दिवशी तुला एक विशेषण मिळालं: एक्सेजेटिकल. मजकुरात जे आहे ते बाहेर काढणारं वाचन. आपल्या मनातलं आत कोंबायचं आणि मग तेच सापडलं म्हणून टाळ्या पिटायच्या, हे त्याच्या उलट. शब्द उत्तम आहे, माझी तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पास्टरने उरलेलं अर्धं शिकवलं: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, त्या माणसांची रीत काय, हे कळल्याशिवाय मजकुरातून काही बाहेर निघत नाही. हे ऐकायला तू नव्हतास. आदल्या रात्री बर्फ पडला होता आणि तू ट्रकवर होतास. देवाने हवामानाच्या बाबतीत जरा विचार करायला हवा होता.

अर्ध्या विशेषणाने तू गावावर जो कहर केलास तो लोक अजून विसरलेले नाहीत, म्हणजे त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आपल्याकडे कॉफी विचारली की पाहुणा आधी नको म्हणतो. पुन्हा विचारलं की ‘कशाला उगीच त्रास’ म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा कप’ म्हणतो आणि दोन कप पितो. लहान मुलांनाही हे कळतं. तुझ्या घरी मार्लिसची मैत्रीण आर्डिस आली, नको म्हणाली, आणि तू किटली उचलून आत नेलीस. ती बिचारी कोरड्या घशाने मार्लिसच्या आठवणी काढून घरी गेली. चर्चमधल्या जेवणात लिंबाच्या वड्यांचा ट्रे शेवटाला आला. शेवटची वडी कुणी घेत नाही, अर्धी कापतात, मग त्या अर्धीची अर्धी, आणि शेवटी नखाएवढा तुकडा ट्रेबरोबर धुवायला जातो. आर्डिस म्हणाली, घ्या कुणीतरी. तू घेतलीस. अख्खी. सगळे भिंतीकडे बघायला लागले.

मी तुला तेव्हाच सांगितलं होतं की हे विशेषण प्रवचनाला लागतं, तळटिपेला लागतं, जुन्या ग्रंथावरच्या अभ्यासाला लागतं. कॉफीला लागत नाही. तू म्हणालास, शब्द ते शब्दच. तुला फार सुटल्यासारखं वाटत होतं, ते मला दिसत होतं. मार्लिसशिवाय जगायची युक्ती सापडली होती ना.

इथवर हसण्यासारखं होतं. मग ब्रिटाला दिवस गेले.

तुझी एकुलती एक लेक ब्रिटा फार्गो शहरात, नवरा पश्चिमेला तेलविहिरींवर, पंधरवड्यातून एकदा उगवणारा. दिवस भरत आले तशी तू फोनवर विचारलंस, येऊ का. ती म्हणाली, नको बाबा, एवढ्या लांब कशाला, रस्ते वाईट आहेत. आणि तू म्हणालास, बरं. ज्या माणसाने आयुष्यभर वाईट रस्त्यांखेरीज काही पाहिलं नाही, तो म्हणाला, बरं. तुझ्या नातीचा, सिग्नेचा जन्म झाला तेव्हा ब्रिटाचा हात धरायला एक नर्स होती आणि तिचीही ड्यूटी संपत आली होती.

हे मला ब्रिटाने सांगितलं. माझी विद्यार्थिनी ती, मला अजून बाई म्हणते. “त्यांनी एकदाच विचारलं, बाई,” एवढंच म्हणाली, आणि लगेच तिकडच्या थंडीबद्दल बोलायला लागली. त्यानंतर ती तुझ्याशीही फक्त थंडीबद्दल बोलायची. नात तीन महिन्यांची झाली तरी तू पाहिली नव्हतीस, आणि तिकडे तुझी लेक असं धरून बसली होती की आई गेली तशी आपल्याला विचारणारंही कुणी राहिलं नाही.

मी तडक तुझ्या गॅरेजमध्ये आले. तू ओकच्या लाकडाचा पाळणा घासत बसला होतास. कुणाला सांगितलं नव्हतंस.

“ती नको म्हणाली,” तू म्हणालास.

“नको म्हणाली म्हणजे ये म्हणाली.”

“मजकुरात तसं नाही.”

“मजकूर नाहीये ती, नॉर्वल. मुलगी आहे तुझी.”

तू बराच वेळ पाळण्याच्या एकाच पायाला पॉलिश कागद घासत राहिलास. मी दुसऱ्या दिवसाचा धडा तुला तिथेच उभ्या उभ्या शिकवला, फी न घेता. मग तुला माझ्या स्वयंपाकघरात आणून फोन लावून दिला. पाळणा घेऊन येऊ का, तू विचारलंस. उत्तर काय आलं ते तुझ्या तोंडावर दिसलं. मी हाताने खूण केली, पुन्हा. तू पुन्हा विचारलंस. मी परत खूण केली. तू फोन ठेवलास.

“दोनदा विचारलं,” तू म्हणालास. “दोन्ही वेळा नको. आता मी तिला छळायचं का?”

एक, नॉर्वल. एकच राहिलं होतं. ब्रिटा तिकडे हातात फोन धरून त्या एकाचीच वाट बघत असणार. पुन्हा लावायला तू काही केल्या तयार होईनास. मग मी म्हटलं, खड्ड्यात गेलं विचारणं, न विचारता जाऊ. तू हळूच म्हणालास, तू बरोबर येशील का, तुला लोकांचं बोलणं कळतं. मी म्हटलं, येते. गुरुवारी सकाळी आठला, माझ्या गाडीतून, तुझ्या ट्रकमध्ये पाळणा भिजेल. बुधवारी संध्याकाळी तू तो जुन्या रजईत गुंडाळून माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवलास.

गुरुवारी आठला मी कोट घालून, थर्मास भरून दारात. तू नाहीस. साडेआठला तुझं दार ठोठावलं, तर तू पायात घरातल्या सपाता घालून ओट्स खात होतास.

“तू पहिल्या झटक्यात हो म्हणालीस,” तू म्हणालास. “असं कोण म्हणतं? मला वाटलं तुला जमणार नाहीये, तोंडावर म्हणवत नसेल. तूच तर शिकवलंस, माणसांची रीत बघायची.”

अख्ख्या काउंटीत शब्दाप्रमाणे वागणारं एकच माणूस, म्हणजे मी, आणि तू रीत बघायला नेमकं तेच निवडलंस. पास्टर डीनला हे मी सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मला नाही हसू आलं.

त्या दुपारी वादळ आलं आणि रस्ता बंद झाला. मग तुझा गुडघा, मग माझा मोतीबिंदू, आणि दर वेळी तू मला विचारायचास, तुला खरंच यायचंय ना. सिग्ने बसायला लागली, उभी राहिली, आणि आता या सप्टेंबरपासून पिवळ्या बसने शाळेत जाते. तुला ती आजोबा म्हणते, नाताळात, फोनवर. मग फोन आईकडे देते आणि तुम्ही दोघं थंडीबद्दल बोलता.

पाळणा अजून माझ्याच गॅरेजमध्ये आहे. सांधे अप्रतिम साधलेत, कुठे करकरत नाही. सध्या त्यात मी बटाटे ठेवलेत.

लुईस