पायऱ्या मोजणारे जावईबापू

आमच्या जावईबापूंइतका वर्धा जिल्हा हिंडलेला आणि त्या जिल्ह्यातलं पाहण्यासारखं काहीही न पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. हे माझ्या मावसबहिणीचे, शकूचे यजमान. शकू माझ्याहून वर्षानं लहान, म्हणजे नात्यानं मी त्यांची आकडसासू. हे पद ऐकायला जेवढं भारदस्त तेवढंच बिनकामाचं. बाकीचे जावई आकडसासूला वाकून नमस्कार करतात, तब्येत विचारतात आणि टीव्हीसमोर जाऊन बसतात. आमचे जावईबापू वाकतात ते वाकलेलेच राहतात. गेल्या दिवाळीला मी आशीर्वाद देऊन मोकळी झाले तरी ते उठेनात. मला वाटलं, कंबर धरली. तर खालून आवाज आला, "ताई, हा उंबरा सागाचा नाई वाटत. बाभळीचा होय का?" त्या उंबऱ्यावरून मी वीस वर्षं जात-येत होते. कशाचा आहे, देव जाणे.

नोकरी त्यांची पाटबंधारे खात्यात, ओव्हरसियरची. हिंगणीच्या बोर धरणाच्या कालव्यांवर उभा जन्म गेला आणि निवृत्त होऊन ते पुलगावला स्थिरावले. स्थिरावले असं आपलं म्हणायचं. एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि जिल्ह्यातलं एकेक गाव धुंडाळायला लागले. कुठलंही देऊळ, गढी, समाधी, कोट असो, माणसं पुढून आत जातात, हे मागच्या बाजूला जातात. पावसाचं पाणी कुठून निघतं, भिंतीला टेकू कुठं दिला, स्वयंपाकाचा धूर कुठून जात असेल, हे सगळं बघून, तिथं झाडणाऱ्या बाईशी दहा मिनिटं बोलून परत येतात. देवाचं दर्शन राहिलं, असं शकू म्हणाली की म्हणतात, "समोरची बाजू दाखवाले असते. राहनं-खानं सारं मांगच्या बाजूनं होते." आणि सगळ्यात मोठं वेड म्हणजे पायऱ्या. जिथं पायरी दिसेल तिथं मोजायची आणि खिशातल्या वहीत लिहायची. गावाचं नाव, जागेचं नाव, पायऱ्या. त्या वह्यांचा उपयोग काय, असं एकदा मी विचारलं. ते म्हणाले, "उपेग कायचा ताई? मोजल्या, म्हून माहीत हायेत."

हे वेड मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. कारण जावईबापू आधी मला पाहायला आले होते.

वडनेरच्या पुढं आतल्या रस्त्याला माझं माहेर. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, दोन वेण्या, लाल रिबिनी. वर्ध्याला तीनदा जाऊन आलेली, त्यामुळे गावात माझ्याइतकी जग पाहिलेली मुलगी नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. नवरा कसा हवा हे पक्कं होतं. केस मागे वळवलेले, डोळ्याला गॉगल, बोलणं कमी आणि बघणं जास्त. आले ते तेल चोपडलेले, सडपातळ गृहस्थ, सोबत त्यांची आई. मी पोहे दिले. बाकीचे मुलगे विचारायचे, स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. मी उत्तरं पाठ करून बसले होते. यांनी पोह्यांचा एक घास घेतला आणि विचारलं, "तुमच्या गावच्या पायविहिरीले पायऱ्या किती हायेत?"

"मोजल्या नाई," मी म्हटलं.

"पानी तिथूनच आनता ना?"

"रोज आनतो. म्हून काय मोजत बसू?"

त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी स्वतःचं नाव माहीत नाही म्हणून सांगितलं. आत जाऊन मी मैत्रिणींना नक्कल करून दाखवली. इतकी हसले, इतकी हसले की बाहेर ऐकू गेलं. बाबांना म्हटलं, "मले हे ध्यान नोको." झालं. त्यांची आई तरातरा उठली. चार महिन्यांनी मावशीनं शकूसाठी तेच स्थळ पाहिलं. यांनी मावशीच्या वाड्याचा जिना विचारला आणि शकूनं "अठरा, पन एक तुटली हाये" असं खाडकन सांगितलं. लग्न तिथंच ठरलं म्हणायचं.

मला मात्र एक गोष्ट मनातून सुखावत आली. लग्न झाल्यापासून जावईबापूंनी माझ्या माहेरच्या गावात पाऊल टाकलं नाही. माझ्या भावाच्या लग्नालाही शिवेवरच्या चिंचेखाली उभे राहिले आणि शकू एकटी आत आली. ताट तिकडे पाठवावं लागलं. सगळे म्हणाले, विक्षिप्त माणूस. मी मात्र आरशात पाहून हळहळायचे. माझ्या नकारानं बिचाऱ्याचं काळीज मोडलं, ते गाव त्याला सोसवत नाही! ही समजूत मी दागिन्यासारखी मिरवली. नातवंडं झाली तरी उतरवून ठेवली नाही.

तर यंदा थंडीत त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला, सोबत त्याची दहा वर्षांची सई. वर्धा दाखवायला आलो असं तो म्हणत होता, पण खरं काम वेगळं होतं. जावईबापूंना काचबिंदू निघाला होता. समोरचं नीट दिसतं, बाजूचं हळूहळू जायला लागलंय. त्या आधी महिन्याभरात त्यांनी कापसाच्या उभ्या बैलबंडीला मागून गाडी ठोकली होती आणि उतरून बंडीवाल्याला, यंदा वेचणीला बाया कुठून आणल्या, हे विचारलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी, शकूनं आणि प्रशांतनं मिळून ठरवलं. शनिवार-रविवार प्रशांत गाडी चालवणार, सगळ्यांना सगळं दाखवणार आणि सोमवारी पहाटे तीच गाडी घेऊन पुण्याला जाणार. चावी कायमची त्याच्याकडे. जावईबापूंनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन दिवस त हायेत ना?" बस, एवढंच.

शनिवारी मला वर्ध्याहून उचललं. पुढं बाप-लेक, मागं शकू, मी आणि मध्ये सई. सेवाग्रामला सगळे चपला काढून बापूकुटीत हात जोडून उभे, तर जावईबापू कुडाच्या भिंतीला नाक लावून. "सई, इकडे येजो. पाह्य, माती लिपनाऱ्या बाईची बोटं दिसतात." सई गेली ती तिकडचीच झाली. पवनारला धाम नदीकाठी प्रशांत फोनवरून वाचून दाखवत होता की इथं कुठल्या जुन्या राजवटीची राजधानी होती. जावईबापूंनी विचारलं, "राजधानी होती त राजाचे कपडे कोन्या दगडावर धुत?" आणि आजोबा-नात ते दगड शोधायला उतरले. अर्धा तास. केळझरला तर कहर झाला. हीच ती एकचक्रा नगरी, इथंच भीमानं बकासुराला मारलं, अशी तिकडची समजूत. टेकडीवरच्या गणपतीला जाताना प्रशांतनं मुलीला गोष्ट सांगितली की राक्षसाला रोज गाडाभर भात लागायचा.

"शिजवे कोन?" पुढच्या पायरीवरून जावईबापू.

"बाबा, ती गोष्ट आहे."

"गोष्ट हाये, कबूल. पन गाडाभर भाताचं गंज-भांडं घासलं कोनं? त्या बाईचं नाव कोनी लिहून ठेवलं नाई."

शकू दम खात म्हणाली, "तिचं नाव शकू असन. पुढं चला."

चढताना मी पाहिलं, प्रत्येक पायरीवर ते आधी बुटाच्या टोकानं चाचपत होते. डाव्या बाजूनं एक म्हातारी उतरली, ती त्यांना दिसलीच नाही. धक्का लागला. ते थांबले, हात जोडले, आणि मोजणी चुकली म्हणून खाली जाऊन पहिल्यापासून सुरू केली. प्रशांत काहीतरी बोलणार होता. मी त्याचा शर्ट ओढला.

रविवारी गिरड. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड पडलेले. व्यापाऱ्यांचा माल शापानं दगड झाला, असं सांगतात. जावईबापू सईला घेऊन शोधत निघाले, कारण माल दगड झाला तर बैलांचं काय झालं, हा प्रश्न निकालात निघाला नव्हता. वही सईनं माझ्या मांडीवर ठेवली होती. म्हणाली, "मोठी आजी, आजोबांनी सगळीकडच्या पायऱ्या लिहिल्यात, एकच जागा रिकामी आहे. बघ ना, पहिल्याच पानावर. दर नवीन वहीत पहिल्या पानावर तीच आहे, मी घरी पाहिलंय." आणि आजोबांनी हाक मारली म्हणून पळाली.

मी चष्मा लावला. माझ्या माहेरचं नाव. पायविहीर. पुढं कोरं.

काळीज कसं धडधडलं म्हणून सांगू! सत्तरीत! शकूला हळूच म्हटलं, "अवं, यांच्या मनात अजून..."

शकूनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आमच्या दोघींत थोरली तीच. "बाई, त्यायच्या मनात विहीर हाये. तू नाई. तू हसली ना, तवा सासूबाईनं तिथंच शपथ घातली. म्हने, ते पोरगी सोता बलावत नाई तोवर या गावची शीव वलांडशील त माही आन. आई गेली, आन राह्यली."

"आणि पन्नास वर्षं तू मला सांगितलं काऊन नाई?"

"सांगून बलावनं करून घेतलं त ते बलावनं कायचं? मले ते असंच म्हनत. आता उद्या गाडीच चालली, म्हून तोंड उघडलं."

माझा पन्नास वर्षांचा दागिना पितळी निघाला. हसू आवरेना, आणि हसता हसता लाजही वाटली. बाबांनी निमंत्रणं पाठवली होती, भावानं पाठवली होती. मी एकदा तोंडानं 'या' म्हटलं नव्हतं. कशाला म्हणेन? मोडलेलं काळीज सांधलं असतं ना!

परतीला चार वाजून गेले होते. हिंगणघाटला वर्ध्याचा फाटा आला आणि प्रशांतनं उजवा दिवा लावला.

"सरळ घे," मी म्हटलं.

"मावशी, अंधाराच्या आत पोचायचंय. पहाटे निघायचं आहे मला."

"मले मळमळून राह्यलं. सरळ रस्त्यानं बरं वाटते."

माझ्या आयुष्यातलं हे सर्वात टुकार खोटं. शकूनं लगेच माझ्या पाठीवरून हात फिरवला, सईनं खिडकी उघडली. गाडी सरळ गेली. वडनेर मागं पडलं. चिंच दिसली तशी त्यांनी दाराची कडी धरली. "प्रशांत, इथंच थांब. तुमी जाऊन या. मी हाये इथं."

मी उतरले. पुढचं दार उघडून त्यांच्यासमोर उभी राहिले, बाजूला उभी राहिले असते तर दिसले नसते. "जावईबापू, मी बोलावते. माझ्या गावात चला. तेव्हा हसले, ते चुकलं."

त्यांनी दाराची कडी सोडली. मग म्हणाले, "ताई, तुमच्या मळमळीचं कसं हाये आता?"

विहीर गावामागं. नळ आल्यापासून कोणी फिरकत नाही, काठावर रानतुळस माजलेली. मी रोज दोन खेपा करायचे त्या पायऱ्या मला निम्म्या उंचीच्या वाटल्या. एका हाताला सई, दुसरा हात भिंतीला, जावईबापू उतरू लागले. मागून प्रशांत, हात पुढं करून, न शिवता. फक्त सईचा आवाज, एक, दोन, तीन. चौतिसाव्या पायरीला पाणी लागलं. खाली आणखी दोन-तीन हिरव्या पायऱ्या हलताना दिसत होत्या, मग काळोख. जावईबापूंनी वाकून पाण्यात हात घातला, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. त्या पाण्याकडे पाहून प्रशांतलाच घाई राहिली नाही. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाबा, भिंतीतली ही कोरीव पट्टी इथंच का संपते हो?" बापाला प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला.

वर आल्यावर त्यांनी वही मागितली. पन्नास वर्षांच्या कोऱ्या जागेत लिहिलं: कोरड्या तेहेतीस. पाण्यातल्या, चैत्रात पाहणे. मग खिशातून गाडीची दुसरी चावी काढली, जी कोणालाच माहीत नव्हती, आणि प्रशांतच्या तळहातावर ठेवली. "हे बी ने," म्हणाले.

गाडी गेली. आता चैत्र लागलाय. भाऊ फोनवर सांगतो, पाणी उतरतंय. त्याला मी दटावून ठेवलंय, मोजायचं नाही. शनिवारी सकाळच्या एस.टी.नं शकू, जावईबापू आणि मी, असे तिघं निघणार आहोत. खिडकी जावईबापूंची. बाजूचं त्यांना आता फारसं दिसत नाही, म्हणून मी शेजारी बसून मोठ्यानं सांगत जाणार आहे. कुठं गहू निघाला, कुठल्या भिंतीचा पोपडा पडला, कोणाच्या दारात बंडी उभी आहे. सराव म्हणून रोज आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्या मोजते. चौदा आहेत. वीस वर्षं राहते इथं, परवा कळलं.