बॅट टाकून पळताना

सोनगीर फाट्यावर आबांनी माझी बॅग एसटीच्या खिडकीतून आत सरकवली आणि म्हणाले, "एक वरीस. मंग घर ये." एवढंच. माझे वडील मुळातच मोजकं बोलणारे. आई रडत होती. मी नव्हते, खिडकीची सीट मिळाली म्हणून खूश होते. खोटं कशाला सांगू?

निमित्त काय, तर शाळेच्या स्पर्धेत मी फेकलेला चेंडू मैदान ओलांडून रस्त्यावर गेला होता. धुळ्याहून आलेल्या क्रीडाशिक्षिकेनं माझा दंड चाचपून बघितला, बाजारात बैल बघतात तसा, आणि आबांना सांगितलं, हिला जळगावला पाठवा, तिथं मुलींची बेसबॉलची टीम आहे. बेसबॉल म्हणजे काय ते आबांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

राहायला जळगावातच, पिंप्राळ्यात आत्याकडे. सोनगीरच्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर विचारायच्यात, करमतं का गं? नव्हतं करमत. कॉलनीत सगळ्यांची दारं बंद, आणि माझी अहिराणी ऐकून शेजारच्या मुली तोंड दाबून हसायच्या. पण सकाळी ग्राउंडवर गेलं की सगळं विसरायचे. आमची पिचर बॉल टाकायची तेव्हा तो मला दिसायचाच नाही, नुसता कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फाटकन आवाज यायचा. बाईच्या हातात एवढी ताकद असते? मी आ वासून बघत राहायचे. अजूनही बघते, आणि अंगावर काटा येतो.

पहिल्या सिलेक्शनला मात्र मी भलतीकडेच माती खाल्ली. बॉल मस्त लागला, लांब गेला. मारलं की बॅट तिथंच टाकायची आणि जीव खाऊन पहिल्या बेसकडे पळायचं, हा नियम पाठ होता. मी काय केलं? वाकून बॅट अलगद खाली ठेवली, हात कपाळाला लावला, मग पळाले. तोवर आउट. कोच मॅडमनी डोक्याला हात लावला. आमच्याकडे विळा असो की कुदळ, काम झालं की नीट टेकवून ठेवायची, दसऱ्याला पूजायची. "अवजार फेकानं नही," हे आबांचं रोजचं. ती सवय मोडायला चार महिने लागले. पहिल्यांदा बॅट भिरकावली त्या दिवशी आबांशी बेइमानी केल्यासारखं वाटलं.

वर्ष भरलं. आबा मला न्यायला आले ते नेमके मॅचच्या दिवशी. दोरीपलीकडे टोपी सावरत बसले. माझी पाळी आली, बॉल लागला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मी बॅट भिरकावली. घसरत दुसऱ्या बेसवर पोचले, तोंडात माती, आणि मागं बघितलं तर आबा उठून थेट मैदानात चाललेले. म्हटलं, संपलं. आज बॅग भरायची.

खेळ थांबला. आबांनी बॅट उचलली, उपरण्यानं पुसली, आमच्या बाकाला टेकवून ठेवली. मॅच संपल्यावर माझ्याजवळ आले. "तू पय," म्हणाले, पळत राहा म्हणून. "बॅट मी उचलसू."

संध्याकाळच्या एसटीनं ते एकटेच परत गेले.

आता मी राज्याच्या टीमकडून खेळते, पंजाब बघितला, केरळ बघितलं. घर सोनगीरला की पिंप्राळ्यात, हे मला धड सांगता येत नाही. पण पळताना मागं वळून बघावं लागत नाही, एवढं घर माझ्या पाठीशी आहे.