उंबरपाड्याचं नाव

बाळकुमच्या हिराजी भोईरांना सुनेनं, संचितानं, मोबाईलमधला नकाशा दाखवला, तेव्हा त्यांनी आधी स्वतःचं घर शोधलं. घर सापडलं, पण उंबरपाडा हे त्यांच्या पाड्याचं नाव कुठेच नव्हतं. शेजारच्या टॉवरचं इंग्रजी नाव सगळ्या पाड्यावर पसरलेलं.

"आपण काय त्यांचे भाडोत्री?" हिराजी चिडले.

नकाशात दुरुस्ती कशी सुचवायची ते संचितानं शिकवलं. त्यांची पहिली दुरुस्ती नाकारली गेली. मग ते रोज देवळासमोर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवू लागले. "मोबाईल काढ रे, गावाचं काम आहे." कॉलेजच्या पोरी, मासळीवाल्या, अख्खं भजनी मंडळ, सगळ्यांकडून त्यांनी पाड्याचं नाव पाठवून घेतलं. ते नकाशावर कधी आलं, हे मात्र त्यांना कळलंच नाही.

कळलं ते धाकटी बहीण धनूबाई कल्याणहून माहेरी आली तेव्हा. रिक्षातून उतरताच ती ओरडली, "दादूस, रिक्षावाल्याच्या मोबाईलमधली बाय आपल्या पाड्याचं नाव घेते रं!"

"बरोबर घेते का?"

"कसलं! उम्ब्रापाडा म्हणते."

हिराजींनी हसत हसत डोळे पुसले. "शहरातली आहे बिचारी. शिकेल हळूहळू."